नियम लांबचा, नारळ परसातला

पत्र

प्रिय मावशी,

मी मूळची पेणची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली, लहानपणी आईवडिलांबरोबर इस्राएलला आले. आता अशदोदला असते. येत्या शेवात महिन्यात (जानेवारी-फेब्रुवारीत), अगदी ‘तू बिश्वात’च्या, म्हणजे झाडांच्या वाढदिवसाच्या आठवड्यात, मुलीची मेहंदी आहे. १२० माणसं येतील. आधी मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने गोड पोह्यांचं ताट, मग जेवण. सगळं ठरलं होतं, पण धाकट्याने घोळ घातला. तो शेतीशास्त्र शिकतो आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घरी आला की स्वयंपाकघरातले डबे उलटे करून लेबलं वाचतो. पोहे भारतातून, नारळाच्या दुधाचे डबे थायलंडचे, आमरसाचा डबा रत्नागिरीचा, मांस गोठवून दक्षिण अमेरिकेतून. म्हणतो, "आई, हा मलिदा नाही, बंदरावरचं गोदाम आहे. इथं पिकतं त्यातच कर." हे म्हणतात, "डब्यावर काशेरचा, म्हणजे धर्माला चालतं असा, शिक्का आहे ना? मग विषय संपला. आणि आनंदाच्या दिवशी ताटात मांस हवंच." केटरर म्हणतो, मटण परवडणार नाही, गोठवलेलं बीफ घ्या. पोह्यांऐवजी खजूर कुस्करू का, असं मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "खजुराच्या मलिद्याला एलियाहू हन्नाबी येणार नाहीत." मुलगी रडकुंडीला आलीय. मी कुणाचं ऐकू?

– अशदोदची एक आई

उत्तर

ताई,

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण त्यांचं कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही आणि घरात सगळ्यात जुनी माहिती त्यांच्याकडेच आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला ज्या खडकावर एलियाहू हन्नाबींच्या रथाच्या खुणा आपण दाखवतो, तिथं तू बिश्वातला आजही ताटं जातात, आणि त्या ताटांत पोहेच असतात. तेव्हा पोहे ठेवा. हा वाद इथं मिटला.

पण धाकटा हसण्यावारी नेण्यासारखं बोलत नाहीये. ‘मलिदा’ हा शब्द फारसीतून आला. शेजारच्या मुसलमान घरांत मलिदा म्हणजे पोळी चुरून तूप-साखरेत मळलेली. आपल्या लोकांनी नाव घेतलं आणि ताटात आपल्या खाचरातले पोहे घातले. म्हणजे ज्या मलिद्यावरून घरात एवढं चाललंय, तोही एकदा कुणीतरी ‘इथं पिकतं त्यातच’ केलेला आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपण आलो असं मानतो. पोथ्या बुडाल्या. डोक्यात राहिलं ते थोडंच, जसं: शनिवारी काम नाही, पंख आणि खवले नसलेला मासा नाही, मांसाबरोबर दूध नाही. त्या तुटपुंज्या शिदोरीवर कोकणात संसार मांडला, घाणे चालवले, शनवार तेली म्हणवून घेतलं. मटणाच्या रश्शाला दही चालत नाही म्हणून नारळाचं दूध पिळलं. रोश हशानाच्या, म्हणजे नववर्षाच्या, गव्हाच्या चिकाच्या हलव्यातही तेच घातलं, म्हणजे तो मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो. काशेर वाइन मिळायची नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून सरबत केलं आणि त्यावर किद्दुश, म्हणजे वाइनवरचा आशीर्वाद, म्हटला. कोळंबीच्या समुद्राकाठी राहून पापलेट आणि बांगडा निवडला. नियम लांबचा होता, नारळ परसातला.

अशदोदला हे नेमकं उलटं झालंय. नियम तिथला, त्याच मातीतला. लांबचा झालाय तो नारळ. मुलगा जे विचारतोय ते तुमच्या खापरपणजीने वेगळ्या शब्दांत विचारलं असणार: इथं काय मिळतं, आणि त्यात माझं कसं बसवू? तो परंपरा मोडतोय असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे सांगा.

आता त्याचं चुकतं कुठे ते सांगते. तो मैल मोजतोय. पोरं हल्ली सगळं मैलांत मोजतात. शेतीशास्त्राचा विद्यार्थी आहे तर त्याला पूर आणि नेमेचेक या दोघांचा २०१८ सालचा, ‘सायन्स’मधला अभ्यास माहीत असेलच. ११९ देशांतली ३८,७०० शेतं त्यांनी पाहिली. अन्नामुळे हवेत तापमान वाढवणारा जो वायू जातो त्यात वाहतुकीचा वाटा सुमारे ६ टक्के निघाला. बाकीचा बराचसा शेतात आणि गोठ्यात. त्यातही जहाज वेगळं आणि विमान वेगळं. तेच वजन तेवढ्याच अंतरावर विमानाने नेलं तर जहाजाच्या सुमारे ५० पट धूर. न्हावा शेव्याहून कंटेनरमध्ये बसून आलेले पोहे, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राचा रस्ता धोक्याचा झाल्यामुळे आफ्रिकेला वळसा घालून आले असले तरी, या हिशेबात किरकोळच. भाताच्या खाचरातून मिथेन निघतो असं तो म्हणेल. निघतो, खरं आहे. पण १२० माणसांच्या मलिद्याला पोहे लागतात ३ किलो.

खरं वजन केटररच्या बीफमध्ये आहे. वाटाण्याच्या एका किलोमागे साधारण १ किलो वायू, आणि मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसाच्या एका किलोमागे ६० किंवा त्याहूनही जास्त. मुलाने चार डबे तुमच्यासमोर एका रांगेत मांडले, पण त्यांचं वजन सारखं नाही. तीन डब्यांचा मिळून जेवढा बोजा, त्याच्या कितीतरी पट एकट्या चौथ्याचा.

आणि ‘इथलं’ म्हणजे आपोआप चांगलं, हेही त्याने तपासून बघावं. अरावाच्या वाळवंटातला टोमॅटो इथलाच. तो तोडणारे हात बहुतेक थायलंडच्या मजुरांचे, घरापासून हजारो मैलांवर आलेले. तोरा या आपल्या धर्मग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात रोजंदारीवाल्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, मग तो आपला असो की परका. काकडी घेताना हा प्रश्न मैलांच्या आधी यायला हवा, असं माझं मत. लेबलावर तो छापलेला नसतो, म्हणून कुणी वाचत नाही.

शिवाय लांबचं खाणं आजचं नाही. तालमूद या रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, चर्चांच्या ग्रंथात बेराखोत नावाच्या प्रकरणात आल्याच्या मुरंब्याची चर्चा आहे. तो कुठून येतो? ‘हिंदूंच्या देशातून.’ चालतो का? चालतो. त्यावर आशीर्वाद कोणता? जमिनीतून येणाऱ्या फळांचा. दीड हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या रब्बींसमोर आपल्याकडची बरणी होती, आणि दूरची आहे म्हणून तिच्यावर कुणी नाक मुरडलं नाही. मला हा उतारा फार आवडतो. इतक्या गंभीर ग्रंथात मुरंब्याची बरणी!

मग तोरात झाडं, जमीन, नासाडी यांबद्दल काही नाही का? भरपूर आहे. तुमचा मुलगा ज्याचं नाव घेत असेल ते ‘बाल तश्खीत’ पाचव्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातलं: शहराला वेढा घातलात तरी फळझाडं तोडू नका, झाड म्हणजे काय तुमच्यापासून पळ काढणारा माणूस आहे? पुढे रब्बींनी त्यातून ‘उगाच नासू नये’ असा मोठा नियम काढला. आणि गंमत बघा, तुमच्या घरातला वाद त्यांनी आधीच घालून ठेवलाय. तालमूदच्या ‘शब्बाथ’ प्रकरणात रब हिस्दा म्हणतात, जवाच्या भाकरीवर भागत असताना गव्हाची खातो तो बाल तश्खीत मोडतो. रब पापा म्हणतात, बिअरवर भागत असताना वाइन पितो तो मोडतो. (रब पापा स्वतः बिअर बनवून विकत. मी एवढंच नोंदवते.) हे दोघे तुमच्या मुलाच्या बाजूचे. पण तालमूद तिथंच त्यांना थांबवतं: नाही, आपल्या शरीराची नासाडी न करणं हे आधी. म्हणजे चांगलं खाऊ नका असं तोरा म्हणत नाही. ‘भागतंय ना’ एवढ्यावर मेहंदीचं ताट मांडायचं नसतं.

आता आमरस. खरं सांगायचं तर चारही डब्यांत मला हाच खटकला, आणि त्याचं कारण मैल नाही, धूरही नाही. शेवात महिन्यात आंबा कुठला आलाय? कोकणात मोहोर आहे तेव्हा. तुमच्याकडे किनेरेत सरोवराच्या काठी माया आणि शेली आंबे उन्हाळ्यात होतात. ऋतूतलं नवं फळ वर्षात पहिल्यांदा हातात आलं की आपण शेहेखियानू म्हणतो: आम्हाला जगवलंस, या वेळेपर्यंत पोचवलंस. हा आशीर्वाद ऋतूची वाट बघणाऱ्या फळाचा आहे. बारा महिने मिळणाऱ्या फळावर तो म्हणत नाहीत. शीतगृहं आणि आयात सुरू झाल्यापासून कोणत्या फळावर म्हणायचा आणि कोणत्यावर नाही यावर रब्बींना डोकं खपवावं लागतंय. दुकान भरलं आणि आशीर्वादाची यादी आखडली.

मीसुद्धा यात पडले होते. रोश हशानाच्या दुसऱ्या रात्री नवं फळ लागतं, म्हणून एका वर्षी बाजारातून ड्रॅगनफ्रूट आणलं. चारशे रुपयांना दोन, परदेशातून आलेली, कागदी जाळीत गुंडाळलेली. कापलं, आशीर्वाद म्हटला, आणि टेबलावर शांतता. चवीला भिजलेल्या दुधीसारखं. आमच्या घरातला सगळ्यात लहान म्हणाला, "देवाचे आभार फळाचे मानले की जाळीचे?" आता ड्रॅगनफ्रूट सांगली-सोलापुरातच पिकतं, हातगाडीवर मिळतं, म्हणजे तेही गेलं. त्यानंतर मी सीताफळ ठेवते. त्याच सुमाराला येतं, आणि त्याची वाट बघितलेली असते.

म्हणून लांबचं खाऊच नये असंही माझं म्हणणं नाही. यरुशलमी तालमूदमध्ये किद्दुशीन प्रकरणाच्या शेवटी म्हटलंय की डोळ्यांनी पाहिलेलं चांगलं अन्न जो खात नाही त्याला एक दिवस त्याचा जाब द्यावा लागेल. रब्बी एलाझार हे ऐकून सुटे पैसे बाजूला टाकत आणि प्रत्येक नव्या फळाची वर्षातून एकदा चव घेत. गरीब माणूस, नाणी साठवून, एकदा. वर्षातून एकदा येणाऱ्या मलिद्याचे पोहे सातासमुद्रापलीकडून आले तर ते या नाण्यांतले. शीतकपाटात बारा महिने पडलेला आमरसाचा डबा त्यातला नाही. मुलीला आमरस फारच हवा असेल तर आंब्यांच्या दिवसांत जावयाला जेवायला बोलवा आणि इथल्या आंब्यांचा काढा. हापूससारखा होणार नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात भारत-इस्राएल सहकार्यातलं हापूसचं केंद्र आहे, धाकट्याला इतकी आच आहे तर त्याला एकदा तिकडे पाठवा.

आता तुमचे यजमान. शिक्का आहे म्हणजे विषय संपला, हे अर्धं खरं. अमेरिकेत १९२३ साली डबाबंद घेवड्यावर पहिल्यांदा तो वर्तुळातला ‘यू’ छापला गेला तेव्हा मोठी सोय झाली. दूरच्या कारखान्यात काय घातलंय ते घरबसल्या कळू लागलं. डब्यात निषिद्ध काही नाही एवढं शिक्का सांगतो. तो डबा कुणी भरला, जनावर कसं वाढलं, रान कुठलं तुटलं, हे सांगणं त्याचं काम नाही. २००८ साली अमेरिकेत आयोवातल्या पोस्टव्हिल गावात काशेर मांसाच्या मोठ्या कारखान्यावर धाड पडली आणि एका दिवसात चारशेच्या आसपास मजूर पकडले गेले, तेव्हा मांसावरच्या शिक्क्यात काही खोट नव्हती. ‘इको-कशरूत’, म्हणजे काशेर ठरवताना पर्यावरणाचाही विचार, हा शब्द त्याच्याही आधीचा, रब्बी झाल्मन शाख्तर-शालोमी यांचा १९७० च्या दशकातला, पण पोस्टव्हिलनंतर तो अमेरिकेतल्या बऱ्याच साध्या घरांत पोचला. यजमानांना नवे शब्द आवडत नसतील तर १३ व्या शतकातले तोराचे भाष्यकार रांबान दाखवा. ते म्हणतात, तोराने दिलेल्या मुभेतच राहून माणूस हलकट होऊ शकतो. मांस काशेर, वाइन काशेर, आणि खाणारा अधाशी. माझ्या वडिलांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ताटातला दुसरा तुकडा परत ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

‘आनंदाला मांस हवंच’ हे तालमूदच्या पसाहीम प्रकरणात आहे, पण यजमानांनी अर्धंच वाक्य उचललंय. यरुशलमचं मंदिर उभं होतं तेव्हा मांसाशिवाय आनंद नाही. आता मंदिर नाही, तर वाइनशिवाय आनंद नाही. असं आहे ते. काळ्या मनुकांचं सरबत भरपूर करा, यजमानांना पहिला पेला द्या.

आणि ते बीफ तर आपलं नव्हेच. हिंदू शेजाऱ्यांच्या अंगणाला अंगण लागून राहिलेल्या आपल्या कितीतरी घरांत ते चुलीवर चढतच नसे. परंपरेच्या नावाखाली अर्जेंटिनाचं गोठवलेलं मांस आणायचं, हे मला काही पटत नाही. जेवणाला अम्नून, म्हणजे तिलापिया मासा, घ्या. तिथल्याच तळ्यांतला, पंख-खवल्यांचा. कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, थोडं आलं वाटून हिरव्या मसाल्यात करा. बाजूला वालाचं बिरडं. आपल्याकडे बिरड्याच्या नावाने सणसुद्धा आहे, तेव्हा ते मेहंदीत हलकं दिसेल ही भीती सोडा. फार कुरकुर झाली तर कोंबडी, एकच पदार्थ.

नारळाच्या दुधाचा डबा मात्र बघून घ्या. थायलंडमध्ये काही बागांत नारळ उतरवायला माकडं साखळीला बांधून वापरतात. २०२० साली यावरून ब्रिटनमधल्या दुकानांनी काही डबे फळीवरून काढले. जनावराला विनाकारण पीडा देऊ नये हा आपलाच नियम आहे, त्याला त्सार बाले हय्यीम म्हणतात, आणि त्यासाठी कुठल्याही नव्या चळवळीत जायची गरज नाही. अख्खे नारळ मिळाले तर तेच घ्या. वेलदोडे भारताचेच हवेत असा हट्ट धरू नका. तुमच्या दुकानातले बहुधा ग्वाटेमालाचे असतील. तिकडेही ते आपल्याकडूनच गेले.

फळं पाच. शेवातमध्ये तुमच्याकडे काय आहे? संत्रं, केळं, गोलानचं सफरचंद, अरावाचा खजूर आणि पपनस. हो, पपनस! पेणच्या वाड्यांत होतं तेच. सासूबाईंना त्याची फोड सोलायला द्या. सुके अंजीर आणि जर्दाळू या वेळी नकोत. झाडांच्या वाढदिवसाला इस्राएलभर वर्षानुवर्षं तुर्कस्तानचा सुकामेवा वाटला गेला, हे धाकट्याला सांगा, त्याला चघळायला एक विषय मिळेल.

राहता राहिली गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुणीच काढलेली नाही. १२० माणसं कशात जेवणार? तुमच्याकडे एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ताटांवर २०२१ च्या नोव्हेंबरात कर बसला आणि २०२३ च्या सुरुवातीला उठला, त्यामुळे परत स्वस्ताई आहे. बाल तश्खीत कुठे लागू करायचा असेल तर तो पोह्यांना नाही, इथं लावा. ताटं भाड्याने घ्या. धुवायची जबाबदारी धाकट्यावर टाका. त्याच्या मतांचं वजन त्याने तिथं दाखवावं. आणि उरलेलं फेकू नका. ‘लेकेट’ नावाची संस्था कार्यक्रमांतलं चांगलं उरलेलं अन्न गोळा करून पोचवते. कापणीत हातातून निसटलेली कणसं गरिबांसाठी सोडायची, त्या नियमाचंच ते नाव. आधी कळवावं लागतं, म्हणून आठवडाभर आधी फोन करा.

मलिद्याचं प्रमाण: जाडे पोहे ३ किलो, नारळ १० ते १२, साखर चवीने, वेलदोडा, बदाम-पिस्त्याचे काप, वरून गुलाबाच्या पाकळ्या. नारळ खवायला मुलगी आणि मुलगा दोघांनाही बसवा, खवणी एकच असेल तर आळीपाळीने. मेहंदी लागायच्या आत मात्र मुलीची पाळी संपवा. पोहे दोन पाण्यांत धुवून चाळणीत निथळत ठेवा, पंधरा मिनिटं झाकून. हातात घेऊन दाबले तर मोडावेत, लगदा होऊ नये. साखर सगळ्यात शेवटी, प्रार्थना म्हणणारे हज्जान उभे राहिले की मग. आधी घातलीत तर पाणी सुटतं आणि ताट खाली ओलं होतं.

– मावशी, ठाणे